हेपबर्नचे केस, टोकियोचं शिवणयंत्र

फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे: ‘जपानी स्त्रियांच्या कपड्यांवर हॉलिवूडच्या आणि युरोपच्या जुन्या सिनेमांचा मोठा प्रभाव पडला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण नेमकं झालं काय? त्यांनी नट्यांची नक्कल केली का? कोणत्या सिनेमातून काय आलं, आणि आज त्यातलं काय उरलं आहे?’

मी पॅटर्न कटिंग शिकवते आणि माझं स्वतःचं काही शिक्षण टोकियोत झालं. त्यामुळे हे उत्तर कापड बेतणाऱ्या बाईच्या बाजूनं आहे.

नक्कल म्हटलं की अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं. जपानी स्त्रियांनी पडद्यावरची बाई सगळीच्या सगळी कधी उचलली नाही. तिच्या अंगावरची एकेक वस्तू त्यांनी सुटी करून घेतली. केसांचा काप, गळ्याचा रुमाल, पोटरीखाली संपणारी पँट, सपाट चप्पल. मग ती वस्तू आपल्या मापाला आणि आपल्या पैशाला बसवली. हे जमलं, कारण युद्धानंतरच्या त्या पिढीतल्या मुली फार मोठ्या संख्येनं शिवण शिकत होत्या. सिनेमानं चित्र दाखवलं, पण त्या चित्राचा कपडा घरच्या शिवणयंत्रावर झाला. बहुतेक लेखांत शिवणयंत्राचा उल्लेखच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तसं केल्यानं त्या बायकांचं सगळं कौशल्य हिशेबातून गळून पडतं.

सगळ्यात आधी १९५४ साल बघ. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, इतो किनुको ही जपानी मुलगी मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी आली होती. डोक्याच्या आठपट उंची म्हणजे आदर्श बांधा, ही चर्चा तेव्हापासून घरोघरी सुरू झाली. १९५४ च्या फेब्रुवारीत हॉलिवूडची नटी मॅरिलिन मन्रो आपला नवरा, बेसबॉलपटू जो डिमॅजिओबरोबर मधुचंद्रासाठी जपानला आली आणि तिला पाहायला झुंबड उडाली. एप्रिलमध्ये ऑड्री हेपबर्नचा ‘रोमन हॉलिडे’ तिथे प्रदर्शित झाला. मन्रो प्रत्यक्ष समोर येऊन गेली होती, हेपबर्न फक्त पडद्यावर होती. तरी बायकांनी केस कापून घेतले ते हेपबर्नसारखे.

याचं कारण बांध्यात आहे असं सगळे सांगतात. सडपातळ अंग, लहान छाती, गडद केस, गडद डोळे; आपल्याला हे जमण्यासारखं आहे असं वाटायला लावणारं रूप. ते खरंच आहे. पण शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं तो सिनेमा पाहिलास तर आणखी एक गोष्ट दिसेल. हेपबर्ननं साकारलेली राजकन्या राजवाड्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावर लांब बाह्यांचा, गळ्याशी बंद केलेला ब्लाउज, घेराचा स्कर्ट, कमरेला पट्टा आणि हातमोजे असतात. दिवसभरात ती नवा कपडा घालतच नाही. हातमोजे जातात, बाह्या दुमडल्या जातात, कॉलर उघडते, गळ्याला रुमाल येतो, रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून सपाट सँडल घेतली जाते आणि न्हाव्याकडे केस कापले जातात. तोच ब्लाउज, तोच स्कर्ट. बाई मात्र वेगळी दिसू लागते. जिच्याकडे एकच बरा स्कर्ट आहे, तिला हा सिनेमा सरळ सरळ शिकवत होता की पुढे काय कर. १९५४ च्या जपानमध्ये एकच बरा स्कर्ट असणाऱ्या मुलीच जास्त होत्या. ‘रोमन हॉलिडे’ कृष्णधवल आहे, हेही विसरू नकोस. रुमालाचा रंग कोणता, स्कर्ट कोणत्या रंगाचा, हे पडदा सांगत नव्हता. ते शिवणारीनं ठरवायचं होतं.

त्याच वर्षी हेपबर्नचाच ‘सॅब्रिना’ आला आणि त्यातली आखूड, चिकटून बसणारी पँट जपानमध्ये सॅब्रिना पँट्स झाली. दुकानांत ती आजही त्याच नावानं मिळते. तू ही पँट कधीतरी स्वतः बेतून पाहा, म्हणजे त्या काळच्या शिवणाऱ्या बायकांबद्दलचा आदर वाढेल. तेव्हा ताणणारं कापड नव्हतं. साध्या विणीच्या सुती कापडातून कमरेपासून पोटरीपर्यंत अंगाबरोबर जाणारी पँट काढायची, तर बैठकीची गोलाई अचूक लागते, नाहीतर खाली बसताना ती मागून उसवते. जमिनीवर, ताटामीवर म्हणजे गवती चटईवर बसायची सवय असलेल्या घरांत तर हे सोडून चालणारच नव्हतं. चेन पुढे न लावता बाजूला लावायची, म्हणजे पोट सपाट दिसतं. मोहरी अरुंद ठेवायची, पण टाचेवरून पायाचा घेर ३० सेंटीमीटरच्या आसपास असतो; मोहरी त्याहून कमी ठेवलीस तर पाय आत जाणार नाही. म्हणून खाली बाजूला छोटी चीर. ती चीर पुष्कळांना शोभेची वाटते, पण तिच्याशिवाय पँट चढतच नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण १९५४ पर्यंत पोचायला मोठा रस्ता कापावा लागला होता.

किमोनो ज्या कापडातून बेततात त्याचा पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर आणि लांबी साधारण १२ मीटर असते. सगळे काप सरळ रेषेत, कुठेही टक (डार्ट) नाही. धुवायचा झाला की पूर्ण उसवून पुन्हा पट्ट्या करता येतात. आपल्या नऊवारीसारखाच हा कापडाचा अखंडपणा जपणारा विचार आहे. अंगाला आकार नेसण्यातून येतो, कापण्यातून नाही. पाश्चात्त्य पोशाखाचं नेमकं उलट. तिथे सपाट कापडाला कापून, टक घेऊन, मुंढा वळवून आधीच अंगाचा आकार द्यावा लागतो. त्यामुळे पडद्यावरचा ड्रेस कितीही आवडला, तरी किमोनो शिवणारीला तो नुसता बघून शिवता येणं शक्य नव्हतं. तिला वेगळी विद्या शिकावी लागणार होती.

१९२० च्या दशकात ही विद्या फार थोड्या जणींकडे होती. केस आखूड कापलेल्या, पाश्चात्त्य कपड्यांत टोकियोच्या गिन्झा भागात फिरणाऱ्या ‘मोगा’ म्हणजे ‘मॉडर्न गर्ल’ मुलींचे फोटो तू पाहिले असशील. क्लारा बो, लुईस ब्रुक्स या मूकपटांतल्या नट्यांचं वळण त्यांच्यात स्पष्ट दिसतं. तानिझाकी जुनइचिरो यांच्या १९२४-२५ च्या कादंबरीतला नायक तर नाओमी नावाच्या मुलीवर भाळतो, कारण ती हॉलिवूडच्या मेरी पिकफोर्डसारखी दिसते. पण फोटो आणि कादंबऱ्या यांच्यावरून रस्त्याचा अंदाज बांधू नये. १९२५ मध्ये कोन वाजिरो या अभ्यासकानं गिन्झाच्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कपडे मोजले. पुरुषांत ६७ टक्के पाश्चात्त्य पोशाखात होते, स्त्रियांत १ टक्का. तीही गिन्झामध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात नव्या वळणाच्या रस्त्यावर. टोकियोतल्या १९२३ च्या भूकंपानंतर स्त्रिया पाश्चात्त्य कपड्यांकडे वळल्या, हे वाक्य पुस्तकांत वारंवार येतं. सुरुवात तेव्हा झाली हे खरं, पण बहुसंख्य बायकांनी प्रत्यक्ष कपडे बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

युद्धाच्या काळाबद्दल थोडक्यात सांगते. १९४० मध्ये चैनीच्या वस्तूंवर बंदी आली, ‘चैन म्हणजे शत्रू’ ही घोषणा झाली, केस पर्म करण्यावर टीका होऊ लागली, डिसेंबर १९४१ नंतर अमेरिकी सिनेमे बंद झाले आणि बायकांच्या अंगावर मोन्पे ही सैल, घोट्याशी आवळलेली विजार आली. जुन्या किमोनोंची मोन्पे शिवता शिवता अनेक बायकांना पहिल्यांदाच दोन पायांचा कपडा बेतायची सवय झाली. पुढच्या सॅब्रिना पँटच्या आधी हा एक अनिच्छेनं गिरवलेला धडा होता, असं माझं मत आहे.

१९४६ पासून अमेरिकी सिनेमे पुन्हा लागले. युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाच्या देखरेखीखाली एक वितरण संस्था ते निवडून आणत होती आणि लोकांना अमेरिकी जीवनपद्धती दाखवणं हा त्यामागचा उघड हेतू होता. शहरं जळालेली, कपाटं रिकामी, आणि पडद्यावर भरलेलं स्वयंपाकघर, कडक इस्त्रीचे ब्लाउज. एका तिकिटावर पुढचा खेळही बसून पाहता येत असे. कपडा नीट पाहायचा असेल तर ही मोठीच सोय होती; पहिल्या वेळी गोष्ट बघायची, दुसऱ्या वेळी बाही.

इथे शिवणशाळा येतात. टोकियोचं बुंका फुकुसो गाकुइन आणि सुगिनो योशिको यांचं ड्रेसमेकर जोगाकुइन ही दोन मोठी नावं, दोन्ही १९२० च्या दशकातली. युद्धानंतर त्यांच्या धर्तीवर गावोगावी वर्ग निघाले. युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना पोटापाण्यासाठी आणि तरुण मुलींना लग्नाआधीचं शिक्षण म्हणून हीच वाट सापडली. प्रसिद्ध फॅशन डिझायनर यामामोतो योहजी यांच्या आईची हीच कथा: युद्धात पती गेला, त्या बुंकात शिकल्या आणि शिंजुकुत शिवणकामाचं दुकान चालवून त्यांनी मुलाला वाढवलं. शिवणयंत्र हप्त्यांवर मिळत होतं, आणि बुंकाच्या ‘सोएन’सारख्या मासिकांत बेतण्याच्या आकृत्या छापून येत.

त्या आकृत्यांची पद्धत समजून घेतलीस तर पुढचं सगळं उलगडेल. बुंकाच्या पद्धतीत छातीचा घेर आणि पाठीची उंची या मापांवरून मूळ साचा काढतात. जुन्या साच्यात छातीच्या निम्म्या मापात ५ सेंटीमीटर सैलपणा धरायचे. एकदा हा साचा आपल्या मापाचा तयार झाला की मासिक फक्त इतकंच सांगतं: गळा इथून इतका खोल, टक इकडे फिरवा, घेर इतका वाढवा. म्हणजे हेपबर्नचा ब्लाउज हेपबर्नच्या मापाचा कधीच नव्हता. प्रत्येकीनं तो आपल्या साच्यावर उतरवला. नक्कल हा शब्द मला पटत नाही तो याच कारणानं.

चित्रकार आणि संपादक नाकाहारा जुनइची यांच्याबद्दल स्वतंत्रपणे वाच. १९४६ मध्ये त्यांनी ‘सोलेई’ आणि पुढच्या वर्षी ‘हिमावारी’ ही मासिकं काढली. टंचाईच्या दिवसांत उरलेल्या तुकड्यांतून, जुन्या कपड्यांतून नेटकं कसं राहावं, हे ते स्वतः चित्रं काढून दाखवत. त्यांच्या मुलींचे मोठे डोळे आणि बारीक कंबर पुढच्या जपानी दृश्यकलेत किती खोल उतरली, हा वेगळा विषय आहे.

सिनेमातून बाजारात आलेल्या वस्तूंपैकी एकीची कथा मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण तिच्याशिवाय हे सगळं फारच गोड वाटू लागतं. हेपबर्नच्या नावावरून ‘हेप्पु’ म्हणून ओळखली गेलेली, मागून उघडी, पाय सरकवून घालायची स्वस्त सँडल १९५० च्या दशकात जपानभर खपली. ती बऱ्याच प्रमाणात घरगुती कामातून तयार होत होती. ओसाकाच्या दाट वस्त्यांत बायका बंद खोलीत बसून तळवे चिकटवत, आणि त्या रबरी सोल्युशनमध्ये बेंझिन होतं. दशकाच्या अखेरीस या कामगारांत रक्ताचे गंभीर आजार आणि मृत्यू उघड झाले. १९५९ मध्ये सरकारनं बेंझिनयुक्त रबरी सोल्युशनवर बंदी घातली, आणि १९७० मध्ये घरी बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्याच्या मागेही हा इतिहास आहे. पडद्यावरच्या राजकन्येच्या सँडलपासून त्या खोलीपर्यंतचा रस्ता फार लहान होता. फॅशनचा इतिहास लिहिताना कारागिराला सोडून देऊ नकोस, एवढी माझी विनंती आहे.

सिनेमा आणि शिवणकाम यांना जोडणारा सगळ्यात ठळक दुवा म्हणजे डिझायनर हानाए मोरी. त्यांनी १९५१ मध्ये शिंजुकुत छोटं दुकान काढलं. सिनेमावाल्यांचं लक्ष तिथे गेलं आणि १९५० च्या दशकात त्यांनी निक्कात्सु व इतर कंपन्यांच्या शेकडो जपानी चित्रपटांचे कपडे केले. म्हणजे पाश्चात्त्य वळण आता जपानी नटीच्या अंगावर, जपानी खोलीत, जपानी उजेडात दिसू लागलं. परदेशी सिनेमापेक्षा हे शिवायला सोपं, कारण ते आधीच एकदा पचवलेलं होतं. मोरी पुढे १९६५ मध्ये न्यूयॉर्कला आपलं काम घेऊन गेल्या आणि १९७७ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर (मापानं हातानं शिवलेल्या उंची पोशाखांच्या) संघटनेत प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. त्यांची ही शाळा सिनेमाची होती.

१९५० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सची बाजू जड होऊ लागली. १९५८ च्या ‘बोंझूर त्रिस्तेस’मध्ये जीन सीबर्गनं साकारलेल्या सेसिलचे अगदी आखूड केस जपानमध्ये ‘सेसिल कट’ झाले. १९६० मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा ‘ब्रेथलेस’ आला, त्यातही सीबर्गच होती. मग दशकाच्या शेवटी ‘बॉनी अँड क्लाइड’: १९६८ मध्ये तो जपानमध्ये लागला आणि मिनीस्कर्टच्या ऐन भरात त्यातल्या नायिकेची, फे डनवेची, बेरे टोपी आणि लांब स्कर्ट मुलींनी उचलला.

एक सावधगिरी मात्र बाळग. सगळं सिनेमाच्या खात्यावर टाकू नकोस. पॅरिसच्या दियोरचे कपडे १९५३ मध्ये प्रत्यक्ष जपानमध्ये दाखवले गेले होते. १९५८ चा सॅक ड्रेस, म्हणजे कंबर नसलेला सैल ड्रेस, पॅरिसहून आला. १९५८-५९ मध्ये भावी युवराज्ञी मिचिको यांच्या पोशाखाची लाट होती. मिनीस्कर्टला ब्रिटिश मॉडेल ट्विगीच्या १९६७ मधल्या जपान भेटीनं जोर दिला. टोकियोतल्या हाराजुकुच्या रस्त्यावर पुढे जे घडलं त्यातलं पुष्कळसं संगीतातून आणि मुलींच्या स्वतःच्या डोक्यातून आलं. सिनेमाचा वाटा मोठा होता, पण तो मोजूनमापूनच सांगायला हवा.

१९७० च्या आसपास मोठा बदल झाला. तयार कपडे स्वस्त आणि चांगले मिळू लागले, शिवणशाळांची गर्दी ओसरली. १९७० मध्ये निघालेलं ‘आनआन’ मासिक बेतण्याच्या आकृत्यांवर उभं नव्हतं. कपडा कोणत्या दुकानाचा हे ते सांगत होतं. इथून पुढे सिनेमा पाहून शिवायचं नव्हतं, सिनेमा पाहून निवडायचं होतं. त्याला मी कमी लेखत नाही. निवडीलाही तयार डोळा लागतो, आणि तो डोळा त्या मुलींकडे होता.

तो डोळा सगळ्यात सुंदर दिसतो ‘ऑलिव्ह’ मासिकाच्या वाचकांत. १९८२ मध्ये सुरू झालेलं हे मासिक लवकरच पॅरिसच्या शाळकरी मुलीचं रूप समोर ठेवू लागलं: आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, निळा कार्डिगन, सपाट बूट, वेताची टोपली, बेरे. त्याच वर्षी सोफी मार्सो या फ्रेंच नटीचा ‘ला बूम’ जपानमध्ये लागला होता. टोकियोत छोट्या चित्रपटगृहांची लाट आली. रोप्पोंगीचं सिने विव्हां १९८३ चं, शिबुयाचं सिनेमा राइज १९८६ चं. तिथे गोदारचे सिनेमे दाखवले जात आणि बाहेर पडताना मुली त्या सिनेमाची छापील पुस्तिका विकत घेत. ही पुस्तिका जपानी सिनेमागृहांची फार जुनी आणि लाडकी प्रथा आहे. गोदारची नायिका आना कारीनाचे लाल मोजे, ‘झाझी’ सिनेमातल्या मुलीचा नारिंगी स्वेटर, पुढे शार्लोत गेन्सबूर या नटीची विस्कटलेली शाळकरी ऐट, हे सगळं वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरानं एकत्र आलं. फ्रान्समध्ये त्या वेळी कोणी असं जगत होतं की नाही, याच्याशी या मुलींना देणंघेणं नव्हतं. त्यांनी सिनेमातून स्वतःसाठी एक पॅरिस बेतून घेतलं होतं. आज टोकियोत दिसणारी बेरे, ट्रेंचकोट, आडवे पट्टे हे बहुतांशी थेट १९६० च्या सिनेमातून आलेले नाहीत, ते ऑलिव्हच्या वाचकांकडून त्यांच्या मुलींकडे आले आहेत.

तुझ्या प्रोजेक्टसाठी आपल्याकडचा एक खराखुरा धागा हवा असेल तर हिंदी सिनेमातली साधना घे. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिचं रुंद कपाळ झाकायला हेपबर्नसारखी बट काढायला लावली आणि मुंबईपासून गावापर्यंत ‘साधना कट’ पसरला. त्याच नटीचे केस, पण आपल्याकडे ते हिंदी नायिकेच्या मार्फत आले आणि कपाळावरच थांबले. खाली साडी किंवा चुडीदार तसाच राहिला. जपानमध्ये केसांबरोबर पँट, चप्पल आणि गळाही बदलला, कारण तिथे त्याच दशकात सगळा पोशाखच नव्यानं बेतला जात होता. हा फरक का पडला, यावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

कामाला कुठून लागायचं, तर आधी ‘रोमन हॉलिडे’ आवाज बंद करून पाहा आणि राजकन्येच्या ब्लाउजच्या बाह्या किती वेळा दुमडल्या जातात ते टिपून ठेव. मग ‘सोएन’चे १९५४ आणि १९५५ चे अंक कुठल्या ग्रंथालयात मिळतात का ते शोध. जपानी येत नसलं तरी आकृत्या वाचता येतील, मापं सेंटीमीटरमध्येच आहेत. त्यातली एक आकृती निवड, स्वतःच्या मापाचा साचा काढ आणि मांजरपाटात शिवून बघ. खांदा आणि मुंढा कुठे अडतो ते मला कळव, त्यावर पुढे बोलू.